दंतुर किनाऱ्यावरच्या बाई

जगाच्या पाठीवर असा एकही देश नाही, ज्याची राजधानी, मुख्य नदी आणि मुख्य पीक आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना ठाऊक नव्हतं. आणि अल मनखूलमध्ये अशी एकही गल्ली नाही, जिच्यात बाई हरवल्या नव्हत्या. अठ्ठावीस वर्षं त्या दुबईतल्या एका शाळेत भूगोल शिकवत होत्या आणि अठ्ठावीस वर्षं एकाच इमारतीतल्या एकाच घरात राहत होत्या. तरी संध्याकाळी दूध आणायला उतरलेल्या बाई त्याच इमारतीत परत शिरतील याची खात्री कुणालाच नसे. कोपऱ्यावरचा मलबारी दुकानदार दारात येऊन त्या उजवीकडे वळतात की नाही ते बघायचा आणि मगच पुढच्या गिऱ्हाइकाचं सामान काढायचा.

आमची ओळखही त्यांच्या चुकण्यातूनच झाली. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि सिलिंडरवाला यायचा म्हणून दार उघडं ठेवलं होतं. बाई आत आल्या, चपला काढल्या, पर्स टीपॉयवर ठेवली आणि सोफ्यावर बसून त्यांनी डोळे मिटले. मी समोरच बसलो होतो. दोन मिनिटांनी डोळे उघडून त्यांनी विचारलं, "आपण कोण?" म्हटलं, "मी इथे राहतो." "कधीपासून?" हे त्यांनी अशा आवाजात विचारलं, की मी चक्क उभा राहिलो आणि म्हणालो, "परवापासून, बाई." चूक लक्षात आल्यावरही त्या ओशाळल्या वगैरे नाहीत. "आपण एकाच अक्षांश-रेखांशावर राहतो, फरक फक्त उंचीचा आहे," असं म्हणून त्यांनी आमच्याकडे चहा घेतला आणि वर गेल्या.

रस्ता विचारणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. भूगोलाच्या शिक्षिकेनं रस्ता विचारायचा म्हणजे परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावायचं, असं त्यांचं मत. त्यात डावं-उजवं हे शब्द त्यांच्या कोशातच नव्हते. टॅक्सीत बसल्या की पेशावरकडच्या धिप्पाड ड्रायव्हरला सांगायच्या, "भैया, अब ईशान्य को लो." तो विचारायचा, "मॅडम, लेफ्ट या राइट?" "वो तुम्हारा मुँह किधर है, उस पे है." बिचारा गाडी बाजूला घेऊन डोकं धरायचा. एकदा अल बर्शाला एका माजी विद्यार्थिनीच्या डोहाळजेवणाला म्हणून मेट्रोनं निघाल्या, त्या आधी दुबई मरीनापर्यंत गेल्या, मग परत फिरून पार दुसऱ्या टोकाला विमानतळापर्यंत गेल्या. पोचल्या तेव्हा डोहाळकरीण झोपायला गेली होती. पण बाईंना त्याचं काही नसे. कुठेही चुकल्या तरी दहा मिनिटांत बँकेच्या काउंटरमागून, औषधाच्या दुकानातून नाहीतर सिग्नलला थांबलेल्या गाडीतून हाक यायचीच, "मिस, तुम्ही इकडे कुठे?" आणि कुणीतरी जुना विद्यार्थी त्यांना घरी आणून सोडायचा.

शिकवायच्या मात्र अशा, की ऐकत राहावं. आमची मुलगी त्यांच्याच वर्गात होती. कंटाळलेल्या पोरांसमोर त्या परात ठेवायच्या, तीत पाणी ओतायच्या आणि कणकेच्या गोळ्यातून बेट, भूशिर, संयोगभूमी असं एकेक काढून दाखवायच्या. दंतुर किनारा शिकवताना त्या फळ्यावर तुर्कस्तानचा नैर्ऋत्य कोपरा काढत. खडू न उचलता, एकही खाडी न चुकवता. साठी झाली आणि शाळेनं हार-नारळ देऊन निरोप दिला, तेव्हा त्या आमच्याकडे येऊन म्हणाल्या, "आता व्हिसाही संपेल. कऱ्हाडला भावानं फ्लॅट बघून ठेवलाय. पण जायच्या आधी एकदा तो किनारा बघायचाय. मी आयुष्यभर काढला, आणि दातांच्या फटींत खरंच पाणी आहे की नाही, हे काही मला माहीत नाही."

अशा तऱ्हेनं आम्ही तिघं आणि बाई तुर्कस्तानातल्या गोचेक नावाच्या छोट्याशा बंदरात जाऊन पोचलो. डोलकाठ्यांचं रान, मागे पाइनची झाडं आणि समोर आम्ही चार दिवसांसाठी ठरवलेली लाकडी यॉट. चालवायला एक मिशाळ कॅप्टन आणि रांधायला त्याची बायको. कॅप्टन कशालाही "तमाम" म्हणायचा, म्हणजे ठीक आहे. बाईंनी पहिल्याच दिवशी शाळेचा नकाशासंग्रह उघडून त्याला त्याच्याच खाड्या समजावून सांगितल्या. तो मान डोलावत "तमाम, तमाम" म्हणत राहिला. मी कठड्याला धरून ओकत होतो. रोज एका नव्या खाडीत आमचा नांगर पडायचा, आणि बोट फिरू नये म्हणून मागचा दोर काठावरच्या झाडाला बांधायचे. "गाय बांधावी तशी बोट बांधतात हो!" बाई आनंदानं ओरडल्या. पहाटेपासून त्या पुढच्या टोकाला उभ्या असत. वळण आलं की आधी पुस्तकात बघायच्या, मग पाण्याकडे, आणि स्वतःशीच म्हणायच्या, "आहे. आहे."

तिसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर त्यांनी समोरच्या टेकडीकडे बोट केलं. "ही चढून गेलं की पलीकडे खुला समुद्र. म्हणजे आपण द्वीपकल्पावर आहोत. मी जाऊन बघून येते."

"मी येतो बरोबर," मी म्हणालो.

"तुम्ही आधी उभे राहून दाखवा. पायवाट आहे, तासाभरात परत येते."

कॅप्टननं त्यांना छोट्या होडीतून काठावर सोडलं. माझी बायको म्हणत होती, "अहो, जा ना मागोमाग." पण पोटात ढवळत होतं, आणि मी म्हटलं, एकच तर वाट आहे. तासाचे दोन झाले, दोनाचे तीन. बाईंना फोन लावला, तर तो त्यांच्याच अंथरुणावर वाजला.

बायको बोटीवर थांबली. मी, मुलगी आणि कॅप्टन टेकडी चढू लागलो. उन्हात दगड तापले होते. मी "बाईऽऽ" म्हणून हाका मारत होतो आणि उत्तरादाखल शेळ्या ओरडत होत्या. माथ्यावर खरंच पलीकडे निळाशार समुद्र दिसत होता, पण बाई कुठेच नव्हत्या. आणि वाट तिथे दुभंगली होती. कॅप्टन उजवीकडे हात करून मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ही वाट रुंद. तिकडेच गेल्या असतील." मुलगी डावीकडे निघालीसुद्धा.

"अगं, कुठे चाललीस?"

"बाबा, शी ऑलवेज गोज लेफ्ट. कन्फ्यूज झाल्या की ऑलवेज लेफ्ट. आय वॉक्ड हर होम फॉर फोर इयर्स."

मी थांबलोच. चार वर्षं मी समजत होतो, की शाळेच्या बसपासून बाई आमच्या मुलीला सोबत करतात.

डावी वाट भलत्याच खाडीत उतरली. तिथे एका धक्क्याशी छपराची होडी लागली होती. तीत बसून एक तुर्की म्हातारी तव्यावर पातळ पोळ्या भाजत होती. असल्या पोळ्या करून ती बोटीबोटींवर विकत फिरते. तिच्यासमोर, हातात चहाचा छोटा पेला घेऊन, आमच्या बाई बसल्या होत्या. मला वाटलं, आता काहीतरी ठसक्यात बोलतील. पण मुलीला बघताच त्यांनी पेला खाली ठेवला, तिचा हात धरला, आणि तो बराच वेळ सोडलाच नाही.

पाटावरच्या पिठात बोटानं काढलेला अख्खा किनारा दिसत होता; एकेक खाडी, बेटंसुद्धा. "हिनं खुणेनं विचारलं, तुझी बोट कुठे," बाई म्हणाल्या. "मी सगळं काढून दाखवलं. सगळं बरोबर आहे बघा. फक्त आपण कुठे आहोत, तेवढं सांगता येईना."

म्हातारीच्या होडीतूनच आम्ही परतलो; सुकाणू कॅप्टननं धरलं आणि ती पोळ्या लाटत राहिली. वाटेत बाईंनी एकाही खाडीकडे बोट केलं नाही. मी म्हटलं, "घाबरलात ना बाई? चूक माझीच. मी यायला हवं होतं."

"तसं नाही हो," त्या म्हणाल्या. "दुबईत मी कधी घाबरले नाही. तिथे हाक मारणारं कुणीतरी असतं. आज त्या वाटेवर उभी होते आणि कुणी हाक मारेना, तेव्हा मनात आलं, कऱ्हाडलाही असंच होणार. तिथे माझा एकही विद्यार्थी नाही. भावाची मुलं पुण्यात. साठाव्या वर्षी नव्या गावात हरवायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि म्हातारीच्या हातातलं लाटणं मागून घेतलं. पहिली पोळी साधारण आफ्रिकेच्या आकाराची झाली. म्हातारी पोट धरधरून हसली, आणि मग बाईही हसल्या.

महिन्याभरात त्या कऱ्हाडला गेल्या. त्यांना निरोप द्यायला विमानतळावर इतके माजी विद्यार्थी आले होते, की पोलिसानं येऊन कोण मोठी असामी आहे म्हणून चौकशी केली. त्या गर्दीत बाई सुरक्षा तपासणीच्या दाराशी नीट पोचल्या, कारण दोन्ही बाजूंनी पोरांनी त्यांना धरलं होतं.

सुरुवातीला फोनवर त्यांचा आवाज बारीक यायचा. मग हळूहळू सुधारला. संध्याकाळी त्या प्रीतिसंगमावर जाऊन बसतात. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोरून येऊन भिडतात. असं फार क्वचित घडतं, हे त्यांनी मला तीनदा सांगितलंय. घाटावरच्या भेळवाल्याच्या नातीला हे ठाऊक नव्हतं, म्हणून बाईंनी तिला वाळूत काढून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती दोन मैत्रिणींना घेऊन आली. परवा म्हणाल्या, "बाजारातून मी जात होते, तर भाजीच्या गाड्यापलीकडून कुणीतरी ओरडलं, 'बाईऽऽ, घर तिकडं न्हाई!' मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!"

आता दर रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो तो माझ्यासाठी नसतो. मुलगी तो घेऊन बाल्कनीत जाते आणि दार ओढून घेते. काचेतून तिचे हात हलताना दिसतात, हवेत नकाशा काढत असल्यासारखे. काल पानं वाढून झाली होती. बायको म्हणाली, "हाक मारा तिला, भाजी निवतेय." मी दारापर्यंत गेलो. फोनच्या स्पीकरवर घाटावरची घंटा आणि बाईंचं हसू एकदमच ऐकू आलं. मी हाक न मारताच परत येऊन पानावर बसलो.