बटण-कारखान्याच्या भिंतीवरचा पट्टा

विल्मा डिर्कसेनला फसवील असा माणूस अजून जन्माला यायचाय, हे तीच सांगते. खाटकाकडचं मांस घरी आणून पुन्हा तोलणार. चर्चच्या जेवणात केकचे तुकडे मोजणार. मी केलर्स बेंड गावचा न्हावी आणि तिचा चाळीस वर्षांपासूनचा शेजारी, तरी केस कापून घेताना आरशातून तिची नजर माझ्या कात्रीवर. एकदा वैतागून म्हटलं, "विल्मा, तुझे कान विकायचे नाहीयेत मला."

"तुझा काय भरवसा, ऑर्विल?"

तिच्याशी जमलं ते एकट्या हार्लनचं, तिच्या नवऱ्याचं. तो नगरपालिकेत रस्त्यांच्या कामावर होता. पूर ओसरला की जुन्या बटण-कारखान्याच्या भिंतीवर, पाणी चढलं होतं तिथे, तो पांढरा पट्टा मारायचा आणि त्याखाली तांब्याचा खिळा ठोकायचा. शिंपल्यांची बटणं कापणं बंद होऊन जमाना झाला, पण वाळूच्या पोत्यांचा बांध किती उंच रचायचा हे गाव अजून त्या भिंतीलाच विचारतं. पासष्ट सालचा पट्टा सगळ्यात वर. हार्लन गेल्यावर गावानं तिथे त्याच्या नावाची पितळी पाटी लावली.

यंदा एप्रिलात मिसिसिपी फुगली. पासष्टचा पट्टा धरून पोती रचायला घेतली आणि विल्मा माझ्या दारात हजर.

"पट्टा खोटा आहे. पासष्टला माझ्या स्वयंपाकघरात घोट्याच्या वर पाणी होतं. हा पट्टा खरा असेल तर पाणी पायरीवरच थांबायला हवं होतं. कुणीतरी तो खाली सरकवलाय."

"कोण सरकवेल?"

"महापौर. पोती वाचवायला. नाहीतर तू."

"मला त्यात काय मिळणार, बाई?"

"तेच शोधतेय."

तिचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून मी पारदर्शक नळी पाण्यानं भरली, गवंडी पातळी बघतात तशी. कारखाना तिच्या अंगणाला लागूनच. नळीचं एक टोक तिच्या कपाटाच्या पायावरच्या पुराच्या डागाला लावलं, दुसरं भिंतीला. नळीतलं पाणी पासष्टच्या पट्ट्याच्या चौदा इंच वर थांबलं. विल्मा खूश. "आता चोर हुडकते," म्हणत तिनं तिथला रंग सुरीनं खरवडला. दोन थर सुटले आणि तांब्याच्या खिळ्याचं डोकं दिसलं. खालच्या पट्ट्याखाली खिळा नव्हताच.

तिनं खिळ्यावरून अंगठा फिरवला.

"एकोणऐंशीत हार्लननंच ही भिंत रंगवली," ती म्हणाली. "तेव्हा नगरपालिका पुराच्या रेषेखालची घरं उठवणार होती. मी त्याला म्हटलं होतं, या घरातून मी मेल्यावरच निघेन."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "झाकली मूठ राहू दे. आपण नुसतं सांगू, यंदा जरा जास्त रचा."

"तुझं-माझं कोण ऐकणार? त्यांचा विश्वास हार्लनवर आहे."

"खरं सांगितलंस तर घर जाईल, विल्मा."

"आणि नाही सांगितलं तर बांधावरून पाणी येईल. खालच्या गल्लीत लेकुरवाळी घरं आहेत." तिनं सुरी एप्रनला पुसली आणि चालू लागली.

बांधावर तीसेक माणसं होती. तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मुकादम ड्वेन हॉयर हार्लनच्या हाताखाली शिकलेला. तो भडकलाच. "हार्लन असं करणार नाही. जन्मभर सगळ्यांवर संशय घेतलास, आता मेलेल्यावरही?"

"सगळ्यांवर नाही," विल्मा म्हणाली. "त्याचं काहीच मी कधी तपासलं नाही."

तिनं एक रिकामं पोतं उचललं आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड उघडून धरलं. कुणी जागचं हलेना. मग मी फावडं घेतलं आणि त्यात वाळू घातली.