सरदारांच्या राधाबाई आणि पंगत

नायगावच्या बीडीडी चाळीत सरदारांची खोली विचारली, तर शेंबडं पोरही बोट दाखवायचं. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर गुरू नानक आणि बाबासाहेब शेजारी शेजारी, आणि त्यांच्या खाली राधाबाई तांदूळ निवडत बसलेल्या. नवा माणूस चक्रावायचा. सरदारीण म्हणावं तर अंगावर साडी, मराठी म्हणावं तर हातात लोखंडी कडं. पंजाबी ड्रेस त्यांनी आयुष्यात एकदाच शिवला होता. तो घालून आरशात बघितलं आणि स्वतःलाच इतकं हसू आलं, की पुढे त्याच्या उशांच्या खोळी झाल्या.

खोलीला हे नाव पडलं त्यांच्या सासऱ्यांमुळे. कोंडीराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. बाबासाहेबांनी जुना धर्म सोडायचं जाहीर केलं आणि आता कुठला घ्यायचा याचा विचार चालला होता, तेव्हा शीख धर्माचंही नाव निघालं होतं. समाजातली काही पोरं अमृतसर बघून आली. त्यांच्या मागोमाग कोंडीरामही गेले, आणि परत आले ते डोक्याला पगडी बांधूनच. पुढे बाबासाहेबांनी बुद्ध जवळ केला, सगळी चाळ त्यांच्यामागून बौद्ध झाली. कोंडीराम मात्र पगडी उतरवेनात.

"बाबासाहेब पुढे गेले आणि आमचा सरदार फलाटावरच राहिला," असं चाळ म्हणायची आणि हसायची. पण हसणारे तेच मयतीला खांदा द्यायला पुढे असायचे, म्हणून कोंडीरामही हसण्यावारी न्यायचे.

राधाबाई नव्या नवरी होत्या तेव्हा त्यांनी सासऱ्यांना एकदा धीर करून विचारलं होतं, मामंजी, तुम्ही का नाही बदललात?

"पोरी, पुस्तकातलं मला काय कळतंय?" कोंडीराम म्हणाले होते. "तिथं जेवायला बसलो. एका बाजूला मोठा जमीनदार, दुसऱ्या बाजूला कोण ते देव जाणे. वाढप्यानं पळी माझ्या ताटाला टेकवली आणि डाळ वाढली. वरनं नाय सोडली. गावाला आपल्या पानात जे पडलं ते वरनंच पडलं. त्या दिवशी मी ताटाकडं बघत बसलो, जेवायचंच विसरलो."

हे ऐकल्यापासून राधाबाईंना धर्म म्हटलं की पळीच दिसायची.

ट्रान्सपोर्टवाल्या पंजाब्यांनी लालबागच्या पुढे एका गल्लीत छोटा गुरुद्वारा बांधला होता. राधाबाईंची उमर तिथे लंगरच्या, म्हणजे येईल त्याला वाढायच्या जेवणाच्या, पोळ्या लाटण्यात गेली. त्या पोळ्यांना प्रशादा म्हणायचं हे त्यांना ठाऊक होतं, पण तोंडात पोळीच यायची. रविवारी पोळ्या लाटायच्या, मग पदर सारखा करून पंगतीत बसायचं. कुणी विचारलं नाही तुम्ही मूळच्या कोण. नावापुढे कौर लावलं की मागचं सगळं मिटलं. राधाबाई असं धरून चालल्या होत्या, की इथे कुणाला माहीतच नाही.

आता मात्र त्यांचे गुडघे गेले होते. खाली बसणं म्हणजे आधी भिंत धरायची, मग एक हात जमिनीला, मग वाहेगुरूचं नाव घेऊन स्वतःला सोडून द्यायचं. उठताना तर वाहेगुरूही कमी पडायचे. अशा बऱ्याच म्हाताऱ्या होत्या, म्हणून गुरुद्वाराच्या कमिटीचे प्रधान, म्हणजे अध्यक्ष, बलवंतजी यांनी लंगरच्या भिंतीला लागून चार बाकडी टाकली.

झालं! तरुण पोरं उसळली. त्यांचा पुढारी मनमीत. इथेच जन्मलेला, मराठी चाळीतल्या पोरासारखं बोलणारा, कॉम्प्युटरवर काम करणारा. त्याचं म्हणणं, पंगत गुरूंनी घालून दिली, तिथे बादशहाही खाली बसला. आज बाकडं आणाल, उद्या टेबल आणाल, परवा श्रीमंतांचं टेबल वेगळं मांडाल. बलवंतजी म्हणायचे, म्हाताऱ्यांना जेवूच द्यायचं नाही का? परदेशातल्या गुरुद्वारांमध्ये याच्यावरून डोकी फुटली होती म्हणे. त्यात कमिटीची निवडणूक आलेली, त्यामुळे इतिहासालाही रोज नवा फाटा फुटत होता.

एका रविवारी मनमीत राधाबाईंच्या शेजारी येऊन उकिडवा बसला.

"मौशी, तुमच्या सासऱ्यांची पंगतीची गोष्ट आहे ना? मोबाइलसमोर सांगाल? व्हिडिओ काढतो."

"तुला कुणी सांगितली रे?"

"सगळ्यांना माहितीय, मौशी."

तेव्हाच त्यांना उमगायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत कोंडीरामांची गोष्ट कुणीतरी ऐकायला मागत होतं. राधाबाई खुलल्या. जमीनदार सांगितला, पळी सांगितली, ताट सांगितलं. सांगताना डोळे पुसले. वर, "खाली बसण्यात जे आहे ते बाकड्यात नाही, बाबा," असंही बोलून गेल्या. गुडघ्यांनी त्याच वेळी कळ दिली होती, पण गुडघ्यांचं मोबाइलमध्ये कुठे येतं?

मंगळवारी त्यांची सून नम्रता कामावरून आली ती चपलाही न काढता मोबाइल समोर धरून.

"आई, हे काय?"

"मीच आहे. बरी दिसतेय की."

"वर काय लिहिलंय ते बघा." मग सासूला मोबाइलवरची बारीक अक्षरं भराभर लागत नाहीत हे आठवून तिनेच वाचलं. "या दलित बहिणीला पंगतीने माणूस बनवलं." नम्रता बौद्ध घरातली, बापाने शिकवलेली. "माणूस बनवलं? आणि आधी काय होतो आपण? चाळीच्या ग्रुपवर आलंय हे. माझ्या भावाने विचारलंय, तुझी सासू कुणाचे उपकार मोजतेय?"

राधाबाईंनी तांदळाचं सूप मांडीवरून खाली ठेवलं. मी असं कुठे बोलले, एवढंच म्हणाल्या. मुलगा अजित ड्युटीवरून आला, त्याने बघितलं आणि म्हणाला, "आई, सोड ना. लोक चार दिवसांत विसरतात." त्याने केस कापले तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

पुढच्या रविवारी जाऊ नका, असं नम्रता म्हणत होती. राधाबाई गेल्या. न जायला आपण काय चोरी केलीय?

पोळ्यांच्या परातीशी नेहमीची सुरिंदर होती. दोघींनी मिळून डोंगराएवढी कणीक लाटली असेल. एकमेकींच्या सुनांना नावं ठेवण्यात तर दोघींचा हात कुणी धरला नसता. आज सुरिंदरने राधाबाईंच्या हातावर हात ठेवला.

"दिल पे मत लेना, भैणजी. हमको तो पहले दिनसे पता था. हमने कभी कुछ बोला?"

ती अगदी मायेने बोलली, म्हणून तर ते आत रुतलं. राधाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून. शेजारी बसल्या तेव्हा, एका ताटातलं लोणचं खाल्लं तेव्हा, सुरिंदर मनात म्हणत होती की बघ, आपण काही बोलत नाही. राधाबाई ज्याला सवय समजत होत्या, ते सुरिंदरच्या हिशेबी मोठं मन होतं.

"नाही बोललीस गं," राधाबाई म्हणाल्या आणि पोळी लाटायला घेतली. ती वाकडी झाली.

मनमीत दिसला तशी त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "ते वरचं लिहिलेलं काढ."

"मौशी, लोक रडतायत बघून! कॅनडातून फोन येतायत. तुमचा मान वाढलाय."

"मला मान नको. तू काढ."

"आता काढलं तर बलवंतजींची माणसं म्हणतील, खोटं होतं म्हणून काढलं. इलेक्शन होऊ दे, लगेच काढतो. प्रॉमिस." पोरगा वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्याने राधाबाईंना उंचावर नेऊन ठेवलंय. आणि उंचावरच्या माणसाला खाली काय हवंय हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

लंगर बसला. पंगतीच्या अगदी सुरुवातीला, सगळ्यांना दिसेल अशी जागा सोडलेली. "मौशी, इकडे! तुमची जागा!" मनमीतच्या दोस्ताने मोबाइल आधीच वर धरलेला.

राधाबाईंचं टाळकं सणकलं. त्या वळल्या आणि सरळ भिंतीजवळच्या बाकड्यावर जाऊन बसल्या. पहिल्यांदाच. गुडघ्यांना काय बरं वाटलं म्हणून सांगावं!

तर बलवंतजी तिकडून हात जोडत धावतच आले. "देखा? देखा सबने? भैणजी खुद बैठी! जिनके लिए पंगत बनी, वो खुद बाकडे पे बैठी!" आणि त्यांच्याही माणसाने मोबाइल काढला.

जिनके लिए पंगत बनी. म्हणजे पंगत राधाबाईंसाठी बनली होती, बाकीच्यांसाठी नव्हती! ते नुसते जेवायला आलेले.

त्या ताट घेऊन उठल्या. मागच्या मोरीजवळ भांडी घासायची जागा होती, तिथे कुणी नव्हतं. तिथे कट्ट्यावर ताट ठेवून दोन घास पोटात ढकलावेत आणि घरी जावं, एवढंच मनात होतं. पहिला घास मोडला आणि त्यांचा हात तसाच राहिला. सगळी माणसं आत ओळीने जेवतायत आणि आपण बाहेर मोरीपाशी. कोंडीराम ज्याच्यातून उठून अमृतसरला गेले, तिथेच आपण आज आपल्या पायांनी येऊन उभ्या राहिलो. आणि घालवलंही कुणी नाही, हे आणखी वाईट.

राधाबाईंनी ताट उचललं. परत आत गेल्या. पुढे नाही, बाकड्याकडेही नाही. पार शेवटी, दाराजवळ, जिथे घरपोच डबे पोचवणारी पोरं आणि रस्त्यावरचे मजूर जेवून लगेच उठता यावं म्हणून बसतात, तिथे भिंत धरून त्यांनी स्वतःला खाली सोडलं. शेजारच्या पोराने न बघताच मांडी आवळून जागा दिली. त्याचं सगळं लक्ष डाळीत होतं. वाढपी आला, पळी ताटाला टेकली. राधाबाई जेवल्या. कुणी फोटो काढला नाही.

उठताना मात्र उठता येईना. त्या शेजारच्या पोराने ताट बाजूला ठेवलं, दोन्ही दंड धरले आणि त्यांना उभं केलं.

"अम्मा, आप किधरसे?"

"नायगाव."

"वो नहीं. असली. गाव किधरका?"

मुंबईत हे कोण कुणाला विचारत नाही? पूर्वी राधाबाईंनी गाव सांगितलं असतं, तालुका सांगितला असता, वर त्यालाच तुझं कुठलं रे, पाऊसपाणी कसं आहे म्हणून उभ्या उभ्या अडवला असता. आज त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. गाव विचारतोय की आणखी काही विचारतोय, ते त्यांना त्या चेहऱ्यावरून कळेना. आणि आपल्याला ते शोधावंसं वाटलं, याचाच त्यांना मनापासून राग आला.

"इथलीच," त्या म्हणाल्या.

"अच्छा," तो पोरगा म्हणाला आणि हात धुवायला गेला.