तोल्सोए लोहाराचा वारस

मलसून मावशींचं नूडल्सचं दुकान खाली आणि माझा गेमिंग कॅफे वर. दुपारची गर्दी ओसरली, की एप्रन न सोडताच त्या जिना चढायच्या आणि खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर बसायच्या. कोरियातल्या गुन्सान शहरात, आमच्या गल्लीत त्या नूडल्सवाल्या मावशी. गेममध्ये मात्र तोल्सोए, आमच्या टोळीचा लोहार.

या गेममध्ये माणूस म्हातारा होतो. केस पिकतात, चाल मंदावते आणि एक दिवस तो मरतो, तो कायमचाच. जिवंतपणी वारस नेमला असेल, तर भट्टी आणि निम्मं कसब त्याला मिळतं. नाहीतर सगळं मातीत.

तोल्सोएची दाढी पांढरी व्हायला लागली, तशी खाली गिऱ्हाइकी वाढली. आमचा म्होरक्या चोंगू टॅक्सी चालवतो. तो रोज जेवायला हजर.

"मावशी, रस्सा काय झालाय आज!"

"कालही हेच म्हणालास. काल मी मीठ घालायला विसरले होते."

गेममध्ये तो म्हाताऱ्याला गावाबाहेर पाऊल टाकू देईना. "घरात बसला तर जास्त जगेल, मावशी."

"बसून काय करायचंय त्याला? जन्मभर भट्टीपुढे होता. समुद्र बघू दे की एकदा."

एका दुपारी मावशींनी तोल्सोएच्या हातात काठी दिली आणि त्याला डोंगर चढवला. आम्ही सगळे मागोमाग. खिंडीतून समुद्र दिसला. तो एका दगडावर टेकला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: तोल्सोए लोहार वारला. मावशींनी एप्रनला डोळे पुसले. "अगं बाई, मी रडतेय कशाला?" म्हणाल्या आणि आणखीच रडल्या.

मग वारसाचं नाव झळकलं. एक कोळीण! तिला खेळवायची हुइजा, शेजारच्या पार्लरची मालकीण. गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावून ठेवायचा आणि तेवढ्यात वर येऊन मासे धरायचे, एवढाच तिचा खेळ.

चोंगू उडालाच. "मावशी, ही गळ बनवत बसेल! आमच्या तलवारींचं काय?"

"तिच्याकडे मागा. आणि नीट मागा. तुम्ही तलवार घेता आणि चालू लागता. ही बसायची. लोखंड तापलंय हे कळतं कसं, विचारायची."

हुइजा ओशाळली. "मावशी, खरं सांगू? गळ होईपर्यंत वेळ काढत होते मी."

"माहितेय मला. पण विचारत तर होतीस!"

तेवढ्यात खालून हाक आली, "अहो ताई, डोकं भाजतंय माझं!" हुइजा चपला विसरून धावली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी तोल्सोएच्या नावानं सगळ्यांना जेवायला बोलावलं. रुसलेला चोंगूही मयताला घालतात तसा काळा सूट घालून आला. एक परका माणूस नूडल्स खायला शिरला, आमचे चेहरे बघून अदबीनं वाकला आणि हळूच म्हणाला, "मालक गेले का?"

"नाही हो," मावशी म्हणाल्या, "आमचा लोहार. बसा, तुम्हीपण जेवा."

तो बिचारा जेवला, जाताना पुन्हा वाकला.

हल्ली मावशी गेममध्ये एक पोरगी झाल्यात आणि हुइजाच्या हाताखाली लोहारकाम शिकतायत. हुइजा ओरडते, चोंगूला वाकडी तलवार मिळते, मावशी माझ्याकडे तक्रार आणतात.

"काल मला राख काढायला लावली तिनं. माझ्याच भट्टीची!" असं म्हणतात आणि दुपार झाली, की पुन्हा जिना चढतात.