प्रकाशाआधीचा तास

दुसऱ्यांदा गाठी आल्या तेव्हा मी जप सोडला. रागाने नाही, माळ हातात घेतली तरी मनात काही उमटेचना, म्हणून. मला मूत्राशयाचा कर्करोग होता. दोनदा आतून खरवडून झाले, आठवड्याच्या आठवड्याला औषध सोडून झाले. आता डॉक्टर मूत्राशयच काढावे लागेल म्हणत होते, म्हणजे जन्मभर पोटावर पिशवी. ह्यांच्या बँकेच्या बदलीने आम्ही कोलकात्याला आलो आणि निवृत्तीनंतर शहराच्या बेहाला भागातच राहिलो. जवळ नातलग असे कुणी नव्हते.

काढण्याआधी एक नवा उपचार करून पाहता येईल, असे डॉक्टरांनी सुचवले. तो अजून चाचणीच्या टप्प्यावर होता. मूत्राशयात सोडलेले औषध रोगट पेशींत मुरते, पण नुसते पडून राहते. तासाभराने दुर्बिणीतून आत प्रकाश टाकला की मगच ते काम करू लागते. तो एक तास औषध आत धरून ठेवणे एवढेच माझ्याकडे होते. मुलीने तिच्या अडखळत्या मराठीत विचारले, "आई, तुला जमेल ना?" मी हो म्हटले. दुसरे काही उरलेच नव्हते.

त्या सकाळी औषध सोडल्यावर वीस मिनिटांतच कळा सुरू झाल्या. मी मुठी वळल्या, पाय आवळले. दत्तमहाराजांचे नाव घेतले, तेही दात आवळून, जणू त्यांना कामालाच जुंपत होते. अर्ध्याहून जास्त वेळ बाकी होता. सिस्टर दुसऱ्या खाटेकडे गेली होती. आता सुटणार, हे मला कळत होते.

तेवढ्यात व्हीलचेअर शोधत एक वयस्क आया आत आली. माझ्याशी तिचे काही काम नव्हते. मला पाहून ती थांबली, माझ्या पोटऱ्यांवर हात ठेवला आणि बंगालीत म्हणाली, "जोर कोरबेन ना, माशीमा. छेड़े दिन." जोर करू नका, मावशी, सोडून द्या.

सोडून देणे तेवढेच तर मला चालणार नव्हते. पण तिच्या हाताखाली पाय सैल पडले, मग कंबर, मग जबडा. श्वास खोल गेला. कळ आली, रेंगाळली, ओसरली. औषध आत राहिले. नाव चालू होते. मी ते घेत होते, असे मात्र म्हणवत नाही. डोळे उघडले तेव्हा आया गेलेली होती आणि सिस्टर मला न्यायला आली होती.

तीन महिन्यांनी दुर्बिणीतून पाहिले तेव्हा गाठ नव्हती. डॉक्टर म्हणाले, चांगले आहे, पण तपासत राहावे लागेल. पुढचे मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसण्याचा आता पूर्वीसारखा जाचही होत नाही.

त्याच दिवशी मी तिला शोधून काढले. ती बराकपूरहून रोज ये-जा करते. मी पाया पडायला वाकले तशी ती संकोचून मागे सरकली. तिला मी आठवत नव्हते. काय झाले ते सांगितल्यावर म्हणाली, "हे तर मी सगळ्यांनाच सांगते." आणि औषधांची गाडी ढकलत पुढच्या वॉर्डात गेली.

तिथेच बाकावर बसून मी हात जोडले. महाराज माझ्यासाठी खास धावून आले, असे मला महिनोन्‌महिने वाटत होते. ते सगळ्यांकडेच जात होते, वाटेत माझीही खाट लागली, हे कळल्यावर मला जास्त बरे वाटले.