बायलरमामांचा हरवलेला अध्याय

भोंग्याची दोरी ओढण्याआधी बायलरमामा हाक मारायचे, "बाईलोक, कान झाका वं!" तुमसरच्या त्या उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या राइस मिलमध्ये बायकांच्या कानांची काळजी करणारा तो एकटाच माणूस. मालकाला तर त्यांची नावंही ठाऊक नव्हती.

त्या बायका दिवसभर उन्हात, पटांगणावर, अनवाणी पायांनी वाफाळतं धान पसरायच्या. त्यांना सावलीला छप्पर आणि प्यायला नळ हवा म्हणून मी तिथे पत्रकं वाटायला जायचे. माझ्या पत्रकात प्रत्येक वाक्य ओरडायचं. मामा ते शांतपणे वाचायचे आणि विचारायचे, "का वं पत्रकवाली, मांगची बाजू कोरी हाय ना?" त्या कोऱ्या बाजूवर, धान उकडेपर्यंतच्या वेळात, ते कादंबरी लिहीत.

कादंबरी! तीत वैनगंगेवर वाफेच्या नावा उडत. सगळ्यात मोठ्या नावेची कप्तान मासे धरणाऱ्या ढिवराची पोर. कोष्ट्यांचे माग वाफेवर चालत आणि विणकर दुपारी नदीत पोहत. फक्त शहराचं सारं पाणी झडपेच्या एका चाकामागे अडलेलं आणि चाकापाशी एक म्हातारा राखणदार.

मी चिडायचे. "मामा, इथे बायांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही नावा उडवता? निदान त्या राखणदाराला तरी भट्टीत घाला!"

"मारून काय होते वं? दुसरा येऊन बसते. त्याले आपल्यात बसवनं कठीन हाय."

गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यापासून मामांचा विश्वास फारच वाढला होता. "एका कागदानं जिल्हा बदलते, तं मानूस काहून नाही बदलनार?" जिल्हा बदलला तरी बायकांचं ऊन तेच आहे, असं मी सुनावलं की ते हसत भट्टीत तूस लोटायचे.

जेवणाच्या सुट्टीत ते बायकांना वाचून दाखवत. माझ्या पत्रकांना जांभया देणाऱ्या बायका तिथे घास हातात धरून ऐकत. सगळ्यात वयस्कर सखूबाईंनी मला तोंडावर सांगितलं, "तुह्या कागदात आमी निस्त्या रडतो. मामाच्या कागदात उडतो." मला राग आला. खरं होतं म्हणूनच आला.

आणि मग मी ती चूक केली. अड्याळच्या बाजाराला जाताना घाईघाईत बायलरजवळचा पत्रकांचा गठ्ठा उचलला. छापील बाजू वर होती, उलटून पाहिलंच नाही. अर्धा बाजार वाटून झाल्यावर एक भाजीवाला ओरडला, "ओ बाई, तो राखनदार चाक सोडते का नाही?"

मी हातातला कागद उलटला. चाक उघडतं तो अध्याय होता आणि दुसरी प्रत नव्हती. मी दुकानोदुकानी धावले. कशात भजी बांधली गेली होती, कशात मिरच्या. एकही पान धड मिळालं नाही.

मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी बायलरच्या काचनळीतली पाण्याची पातळी तपासली. मग म्हणाले, "बजारात लोकं वाचून राहिले होते का?"

"हो."

"मंग लिहितो पुन्यांदा."

पण दम्याने त्यांना बसू दिलं नाही. दवाखान्यात, खाटेवरून, त्यांनी ते काम माझ्यावर टाकलं. "तूच लिह. पन कोनाले मारजो नोको."

"मला फक्त मागण्या लिहिता येतात, मामा."

"मंग त्या राखनदाराले तहान लागू दे," ते म्हणाले. आठवड्याभरात मामा गेले.

मी पाच वेळा लिहिलं आणि पाचही वेळा राखणदार मेला. माझा हातच तसा वळलेला. सहाव्यांदा तो तहानेने चाक सोडून खाली उतरला, लोकांपुढे ओंजळ धरून उभा राहिला आणि मागे चाक फिरून पाणी वाहू लागलं. मिलमध्ये नळ अजून आलेला नाही आणि माझी पत्रकं थांबलेली नाहीत. तरी ही पानं घेऊन मी पटांगणावर गेले, मामांसारखीच जेवणाच्या सुट्टीत वाचायला बसले.

वाचून झाल्यावर मीच विचारलं, "सखूबाई, द्यायचं का राखणदाराला पाणी?"

सखूबाईंनी पदराने तोंड पुसलं. "देऊ ना. पन आमी पिल्यावर."

मी ते तसंच लिहिलं.