केव्हाही ये

मी कंपन्यांच्या कामांना मुदती लावते. रजेचा अर्ज असो की नव्या लॅपटॉपची मागणी, सॉफ्टवेअरमध्ये तो कुणाकडून कुणाकडे जाईल हे मी आखते आणि प्रत्येक टप्प्याला टायमर लावते. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर आठवणीची मेल, चार दिवसांत नाही आलं तर थेट वरच्या साहेबाकडे. मीटिंगमध्ये कुणी "वेळ मिळेल तेव्हा बघतो" म्हटलं की माझं डोकंच फिरतं. "तारीख बोला," मी तोंडावर सांगते. आणि अशी ही शहाणी बाई स्वतः काय करून बसली, ते ऐका.

मुलगी कॉलेजला गेली त्या वर्षी इथं परदेशात, श्रूजबरीच्या घरात मी एकटी उरले. काम घरूनच. दिवसदिवस तोंडातून मराठी शब्द निघायचा नाही. फोन टुंग वाजला म्हणून धावावं, तर मीच टेस्ट करायला लावलेल्या टायमरची मेल! फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्यात एकदा इंडियन स्टोअरमध्ये मेथीच्या जुड्या बघताना एक काकू भेटल्या. आमच्या मागच्याच रस्त्यावर मुलाकडे राहायच्या. मुलगा-सून ऑफिसला, दिवसभर घरात एकट्या. पाच मिनिटांत त्यांनी माझं माहेर-सासर सगळं काढून घेतलं, फोन नंबर घेतला, आपला दिला आणि म्हणाल्या, "केव्हाही ये गं. मी घरीच असते."

"येते की!" मी म्हटलं.

आता केव्हाही म्हणजे नक्की कधी? इथं न विचारता कुणी कुणाची बेल वाजवत नाही. वाटलं, त्याच फोन करून दिवस सांगतील. आपण होऊन विचारायचं, तर गळ्यात पडल्यासारखं दिसणार. अख्खा हिवाळा असाच गेला. दोनदा त्यांच्या घरासमोर गाडी हळू केली आणि तशीच पुढे काढली. स्टोअरमध्ये भेटल्या की पुन्हा तेच. "आली नाहीस ती?" "येते की, काकू!"

मे महिन्यात त्यांच्या दारात सामानाचा ट्रक उभा दिसला. मुलाला लांब, विमानानं जावं लागेल अशा फ्रिस्को गावी नोकरी लागली होती. त्या दिवशी मात्र मी सरळ जाऊन बेल वाजवली. दार काकूंनीच उघडलं.

"अहो, एक फोन तरी करायचात!" मी चक्क त्यांच्यावरच चिडले. खरा राग स्वतःचाच आला होता.

"तू कामाची बाई. म्हटलं, सवड झाली की येईल," काकू म्हणाल्या. "पहिले दोन महिने तर मी दुपारची आडवीसुद्धा झाले नाही गं. डोळा लागला आणि तुझी बेल ऐकूच आली नाही तर?"

काकू सवयीनं स्वयंपाकघराकडे वळल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "चहाचं पातेलंसुद्धा ट्रकमध्ये गेलं."