सभासद क्रमांक एक

परळीच्या ईश्वरप्पांनी क्लब काढला तेव्हा गावाला वाटलं, अप्पांचं डोकं फिरलं. पेंडीचा चालता धंदा सोडून कुणी माणसांच्या बसण्याचे पैसे घेतं का? पण साल त्र्याण्णव होतं. वीज केंद्राचे इंजिनिअर, राखेचे ठेकेदार, साखर कारखान्याचे साहेब, सगळ्यांना चारचौघांपासून वेगळी जागा हवी होती. दारू नाही, मटण नाही, तरी नावं नोंदवायला झुंबड उडाली, कारण बाकीच्यांना तिथं शिरता येत नव्हतं. पुढं अंबाजोगाईतही एक क्लब निघाला.

मुळात हे खूळ दोघांचं. लहानपणी ईश्वरप्पा आणि मेंढपाळाचा आश्रुबा पुलाच्या कठड्यावर बसून साहेब लोकांच्या क्लबातले दिवे बघत. "येक दिवस आपुन बी आत बसू बे," आश्रुबा म्हणायचा. म्हणून अप्पांनी पहिलं कार्ड त्याच्याच नावानं काढलं आणि दिंद्रुडच्या शिवारात मेंढरं बसली होती तिथं जाऊन त्याच्या हातात ठेवलं.

नियमांची पाटी मात्र त्यांनी हैदराबादच्या एका बड्या क्लबवरून जशीच्या तशी उतरवून आणली. धोतर, पागोटं, वहाणा यांना मनाई. आत भिंतीवर खुद्द अप्पांच्या वडिलांचा धोतर-पागोट्यातला फोटो लावलेला, तरी कुणाला काही खटकलं नाही. शहाणा माणूस एकदा रुबाबाच्या नादी लागला की त्याला समोरचंही दिसत नाही.

दिवाळीनंतर आश्रुबा आला, नेहमीच्या धोतर-पागोट्यात. वॉचमन पंडितनं कार्ड पाहिलं आणि पाटी वाचून दाखवली. आश्रुबानं हुज्जत घातली नाही. अप्पांसाठी आणलेली घोंगडी पंडितच्या खुर्चीवर ठेवून तो परत गेला. संध्याकाळी घोंगडी पाहून अप्पांनी पंडितला विचारलं, आणि ऐकल्यावर पाटी स्वतःच्या हातानं उखडून काढली.

आता आश्रुबाला गाठायचं, तर कोणत्या तोंडानं? आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत दिवस गेले. दर साली दिवाळी झाली की अप्पा फाटकाजवळ खुर्ची टाकून बसत. आत पत्त्यांचे डाव रंगत आणि अप्पांची नजर रस्त्यावर. त्यांना त्याची फार आठवण येई.

पाचव्या वर्षी एका ठेकेदारानं एक नंबरचं कार्ड मागितलं. "अप्पा, रिकामंच पडलंय की."

"रिकामं न्हाई," अप्पा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दिंद्रुडला निघाले.

मेंढरं त्याच शिवारात होती. आश्रुबा नव्हता. गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तो गेला, असं त्याच्या बायकोनं, साखराबाईनं सांगितलं. मग गाठोडं सोडून तिनं एक घडीची पँट पुढं केली. खिशात कार्ड होतं.

"पाटोद्याच्या बाजारात शिवून घेतलती. दर साली घालून बघायचे अन् लाजायचे. म्हनायचे, औंदा जातोच."

अप्पांनी कार्ड हातात घेतलं. "वैनी, पाटी तर मी त्याच दिवशी काढली."

"त्यास्नी कोन सांगनार?" साखराबाई म्हणाली. "तुमी तरी यायचं व्हतं, अप्पा. हितं कुठं पाटी व्हती?"